मांसात धरलेलं हाड

भागूमावशी बोलायला आली की आधी समोरच्याचा दंड धरायची. तोंडाने बोलणं चालू आणि अंगठा तुमच्या दंडावरून वरून खाली. पावसाबद्दल बोला नाहीतर कुणाच्या लग्नाबद्दल, तेवढ्या वेळात तुमच्या अंगातली दुखरी जागा तिला सापडलेली असायची. "हितं गाठ हाय बगा, बाई," असं म्हणून ती नेमका तिथेच जोर द्यायची. तुम्ही ओरडलात की ती खूश. "म्हनलं न्हवतं?"

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा ती तिथे आया होती. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी तळेगावची, पुण्यात शिकून आलेली. आया म्हणजे फरशी पुसणारी आणि पाणी तापवणारी बाई, अशी माझी समजूत होती. दवाखान्यात दोघांचा अंमल चालतो, डॉक्टरांचा आणि मावशीचा, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. बाजारपेठेतल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी मावशीचं नाव आधी घेतलं असतं.

दवाखान्याचं काम आटोपलं की ती घरोघर बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायला जायची. पाटावर पाय पसरून बसायची, पोर नडग्यांवर उताणं घ्यायची, आणि तिचे हात चालू झाले की रडणारं पोरही जरा वेळ विचारात पडायचं. पावसाळ्यात तिथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवायची, त्या धुरात डोळे चोळत बसायचं, आणि मावशी मात्र भर धुरात पोराच्या पाठीवरून तेलाचा हात फिरवत आईला, सासूला आणि शेजारणीला एकाच वेळी उपदेश करत असायची. रुंद पंजे, आखूड बोटं, अंगठे बाहेर वळलेले. देखणे हात नव्हते. पण पाठ आखडली की मलाही तेच आठवायचे.

तिचा दोष एकच. कुठलीही गोष्ट आहे तशी राहू देणं तिला जमत नसे. बिजागरी कुरकुरली की तेल, खिळा दिसला की हातोडी. रेल्वे चाळीतल्या एका ड्रायव्हरचा आणि त्याच्या बायकोचा अबोला होता. मावशी तेलाची वाटी घेऊन त्यांच्या घरात शिरली. बायकोचं डोकं चोळता चोळता खिडकीतून नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या आईपासून सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी नवरा-बायको दोघांनी मिळून तिला घराबाहेर काढलं. मी हसले तर म्हणाली, "हसताय काय? दोगं येक झाली का न्हाई?"

डॉक्टरांचा आणि तिचा कायमचा वाद बँडेजवरून. डॉक्टर जखम बांधून सोमवारपर्यंत उघडू नका म्हणायचे, आणि ही रोज उघडून बघायची.

"भागूबाई, विरजण लावलेलं भांडं तुम्ही सारखं हलवता का?" डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले.

"हलवत न्हाई. पर लागलं का न्हाई ते झाकन काढून बगते की."

मग डॉक्टर बँडेजच्या गाठीवर शाईने फुली मारू लागले, म्हणजे गाठ सोडली तर कळेल. दुसऱ्या दिवशी गाठीवर फुली होती, पण आदल्या दिवशीपेक्षा चांगली मोठी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मावशी तेवढ्यात फरशी पुसायला लागली होती.

ती मूळची भाज्याची, म्हणजे मळवली स्टेशनाजवळच्या त्या लहान गावातली. नवरा लवकर गेला. मूल नव्हतं. दिराच्या मोठ्या घरात काही वर्षं काढून ती लोणावळ्याला निघून आली. दीर, त्याला सगळे आबा म्हणत, वाईट माणूस नव्हता. तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. पण त्या घरात तिला स्वतःची अशी जागा नव्हती. ती चुलीपाशी बसली की चूल सुनेची, ओसरीवर बसली की ओसरी पुरुषांची. "रातच्याला लुगडं बदलायचं तरी गोठ्यात जावं लागायचं," असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

दवाखान्यामागे आयाला राहायला खोली होती. दगडी, ओलसर, एकच खिडकी. मावशीने बाजारातून लोखंडी कडी विकत आणून त्या दाराला आतून लावून घेतली होती. संध्याकाळी काम संपवून ती खोलीत गेली की खाडकन ती कडी लागायची. तो आवाज डॉक्टरांच्या ओसरीपर्यंत यायचा. "झाली भागूबाईंची संध्याकाळ," डॉक्टर म्हणायचे. आबा अधूनमधून घरी चल म्हणायला यायचा. तेव्हाही ती त्याला खोलीत बसवून चहा द्यायची आणि दार उघडून-मिटून ती कडी दाखवायची. दुसरं उत्तर द्यायची नाही.

ती पडली आषाढात. मागच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, हातात गरम पाण्याची बादली होती. बादली सोडली असती तर पडलीच नसती, पण तिने सोडली नाही. उजवं कोपर निखळलं. डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म देऊन ते जागेवर बसवलं, हात झोळीत बांधला आणि तिला, मला आणि दारात जमलेल्या बायकांना बजावून सांगितलं, "ह्या हाताला कुणी तेल लावायचं नाही, चोळायचं नाही, ओढायचं नाही. सांधा बसलाय. तो आपोआप हलू लागेल. हलवायला जाऊ नका."

त्याच सुमारास माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी रजेवर तळेगावला गेले. महिन्याभराने परत आले तेव्हा दुपारची वेळ होती आणि डॉक्टर बंगल्यांवरचे रोगी बघायला गेले होते. मावशीच्या खोलीत पाच-सहा बायका दाटीने बसलेल्या. मध्ये मावशी. तिचा हात बाजारात चिक्की-गुडदाणी विकणाऱ्या गंगूच्या मांडीवर, आणि गंगू अंगातला सगळा जोर लावून तो चोळत होती. मावशीच्या तोंडात पदराचा बोळा होता, ओरडू नये म्हणून.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"आमची पाळी हाय आज," गंगू म्हणाली. "माझ्या तिन्ही बाळंतपनाला हिनं माझं अंग चोळलं. आन आता तिचा हात दुखतोय तर मी नुसती बगत बसू?"

मी गेल्यापासून हे रोज चाललं होतं. जिच्या पोराला मावशीने न्हाऊ घातलं होतं, ती प्रत्येक बाई पांग फेडायला येत होती. गावात अशा बायकांना तोटा नव्हता. एक तिळाचं तेल आणायची, दुसरी मिठाचा शेक, तिसरी म्हणायची तुझं चुकतंय, असं खालून वर घे. चोळून झालं की हात सरळ व्हावा म्हणून तिच्या मुठीत भरलेली कळशी देऊन तिला उभी करायच्या. एकीलाही नको म्हणणं मावशीला जमलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिला नको म्हणायचंही नव्हतं.

मी बायकांना बाहेर काढलं. हात पाहिला. कोपराच्या वर पुढच्या बाजूला सूज, गरम, आणि सुजेच्या आत काहीतरी टणक. हात ना सरळ होत होता ना मिटत होता.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मावशी?"

"सांगितलं की. पर दुखनाऱ्या हाताला हात लावायचा न्हाई, ही कंची रीत? जनावर दुखलं तरी आपन थोपटतो." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दिवाळीच्या आत हात चालाया पायजे, बाई. दवाखान्याची कमिटी दुसरी आया बगंल. आया गेली की खोली गेली."

तिला पुण्याला नेऊन एक्स-रे काढून आणला. डॉक्टरांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात धरला. हाडं जागेवर होती. पण कोपरापुढे, जिथे नुसती मांसाची सावली दिसायला हवी होती तिथे, चुन्याचा हात फिरवल्यासारखा पांढरा ढग होता.

"हे हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "मांसात धरलेलं. गाठ वाईट नाही, भागूबाई. ती जिवावर उठणार नाही, अंगात पसरणार नाही. पण मार लागलेल्या मांसाला रोज तुडवलं की कधी कधी ते बरं होताना हाड होऊन बसतं. जितकं चोळलंत तितकं ते वाढलं."

"मग कापून काढा की."

"आत्ता कापलं तर परत दुपटीने येईल. ते पिकू दे, थंड होऊ दे, वर्षभराने बघू. तोपर्यंत एकच औषध. त्याला हात लावायचा नाही."

मावशी फोटोकडे बघत राहिली.  गंगूला हे कळलं तेव्हा ती खोलीच्या दारात येऊन रडली. मावशीने तिला दटावलं, "गप. चांगली चोळत व्हतीस. तुजा अंगठा तेवढा जरा वाकडा पडतो."

डॉक्टरांनी तिला पक्कं ओळखलं होतं. झोळी ती सोडणारच, म्हणून त्यांनी हात प्लॅस्टरमध्ये घातला. उरलेला पावसाळा तिने त्या प्लॅस्टरमध्ये काढला. ती दवाखान्याच्या दाराशी बाकावर बसून असायची. समोर धुकं, मधूनच घाट चढून आलेल्या इंजिनाचा धापा टाकणारा आवाज, आणि पाऊस. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की ती छत्रीची काडी आत खुपसायची. डॉक्टरांनी काडी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी दुसरी काडी. शेवटी दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या छत्र्या मी आत माझ्या टेबलाशी ठेवू लागले. ती रिकामी बसली तरी तिचा डावा अंगठा रिकामा नसायचा, बाकाच्या कडेवर वरून खाली चाललेला.

"बाई, आत मुंग्या आल्यात का हाड वाडतंय?"

"मुंग्या."

"तुमाला काय ठाव? तुमी बगितलंय व्हय आत?"

वलवणला एक बाळंतीण होती. पहिलटकरीण, आणि तिने मावशीचाच हट्ट धरला. मावशी म्हणाली, हात नसला तरी तोंड आहे, बाई न्हाऊ घालतील आणि मी सांगीन. मी पाटावर बसले, पोर नडग्यांवर घेतलं. मावशी माझ्यामागे उभी.

"जोरानं! कनीक हाय का ती? अवं टाळू सांबाळा! पाय असा न्हाई, आडवा घ्या. शाळंत शिकिवलं काय तुमाला, पोर वाळत घालाया?"

बाळंतीण खाटेवर हसून हसून लोळत होती. मी बऱ्यापैकी चालवलं होतं, असं मला वाटतं. तेवढ्यात पोर निसटतंय असं वाटून मावशीने सवयीने हात पुढे केला. प्लॅस्टरचा तो हात वाकला नाही, सरळ झाला नाही, ताठ येऊन तांब्यावर आदळला. गरम पाणी सगळीकडे सांडलं, पोराला लागलं नाही एवढंच. मावशी बाहेर गेली आणि पावसात इरलंही न घेता उभी राहिली. परतीच्या वाटेवर ती एकदाही माझ्या दंडाला हात लावून बोलली नाही. त्यानंतर ती कुणाच्या घरी गेली नाही.

प्लॅस्टर काढलं तेव्हा दुखणं गेलं होतं, सूज गेली होती. हात मात्र कोपरात काटकोनाच्या जरा अलीकडे थांबला तो थांबलाच. वरून दाबलं की दगडासारखं लागायचं. तोंडापर्यंत घास जात नव्हता, वेणीला हात पोचत नव्हता. डॉक्टरांनी कमिटीपुढे तिची बाजू मांडली. कमिटीचं म्हणणं असं की आयाला दोन हात लागतात. ते खोटं नव्हतं. नवी आया आली.

आबा बैलगाडी घेऊन आला. "चल वैनी," म्हणाला. "घर हाय, भाकरी हाय. येका हातानं काय व्हईल ते कर, न्हाईतर नुसती बस. कोन बोलायचं न्हाई तुला." तो मनापासून बोलत होता.

मावशीने माझ्याकडून चाकू मागून घेतला आणि डाव्या हाताने दाराची कडी उपसून काढली. खिळे वाकडे झाले. ते तिने बादलीच्या कडेवर ठोकून सरळ केले आणि कडीबरोबर पदरात बांधले.

"भाज्याच्या घराला कडी कशापाई?" आबा म्हणाला. "कुनापासनं?"

ती गाडीत बसली.

पुढे एक पावसाळा गेला. मग एके दिवशी तीच गाडी दवाखान्यापुढे उभी राहिली. आबाची नात येसू आंब्याच्या झाडावरून पडली होती. कोपर. तेच. गाडीतून आबा उतरला, रडणारी येसू उतरली आणि मागून मावशी. तिच्या वाकलेल्या हातावर भाकरीचं गाठोडं, पाण्याची चरवी आणि आबाची छत्री अशी ओळीने टांगलेली होती. मी बघतेय असं पाहून आबा कौतुकाने म्हणाला, "वैनीचा हात लय कामाचा झालाय. घरात खुंटी लागत न्हाई."

मावशीने एकेक वस्तू डाव्या हाताने उतरवून बाकावर ठेवली.

येसूचं कोपर बसवून झोळी बांधून झाल्यावर डॉक्टरांनी मावशीचा हात बघितला. हाड पिकलं होतं, थंड झालं होतं. "आता पुण्याला काढता येईल," ते म्हणाले. "हात थोडाफार हलेल. पण परत वाढणार नाही असं मी लिहून देणार नाही."

मावशीने हातावर हात ठेवला. चोळला नाही, नुसता ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "पर येसूच्या हाताचं काय सांगितलंसा ते त्या आबाला परत सांगा. मोठ्यानं सांगा."

डॉक्टरांनी मोठ्याने सांगितलं. आबाने मान हलवली. मानेचा अर्थ मला कळत होता. त्या मानेत फार तर दोन दिवसांचा धीर होता.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी येसूला बघायला भाज्याला गेले. घरात गलका. ओसरीवर आबा, सून, शेजारच्या दोघीतिघी आणि तेलाची वाटी घेतलेला एक म्हातारा. हाडं बसवणारा म्हणून त्याला मुद्दाम बोलावून आणला होता. माजघराच्या आतली धान्याची खोली आतून बंद.

सून माझ्यावरच धावून आली. "बगा बाई! माझी पोरगी कोंडून घेतलीया! पोर रडतीया आन तिला साधं तेलाचं बोट लावू देत न्हाई. सवताचं पोर असतं म्हंजी कळलं असतं!"

"वेड लागलंय वैनीला," आबा म्हणाला. तो खरोखर घाबरला होता. "तिला हितं कोन काय बोललं सांगा? रातचं वरवंट्यानं काय ठोकतीया म्हनलं, तर सकाळी दाराला कडी."

मी दार ठोठावलं. "मावशी, मी आलेय."

"दाक्तर हाय का संगं?"

"नाही. मी एकटीच."

"हाताला तेल न्हाई ना?"

"नाही."

कडी निघाली. दार माझ्यापुरतं उघडलं. आत भाताच्या कणग्या, वरच्या झरोक्यातून येणारा थोडा उजेड. येसू घोंगडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. रडणं केव्हाच थांबलं होतं. झोळी डॉक्टरांनी बांधली होती तशीच होती. गाठीवर कोळशाने मोठी फुली मारलेली. मी गाठ सोडून हात पाहिला. सूज ओसरत होती, मांस मऊ होतं, टणक काही लागत नव्हतं. येसूने आपण होऊन हात जरासा सरळ करून दाखवला आणि परत मिटला.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "असंच राहू दे."

"तेच तर जमत न्हाई कुनाला," मावशी म्हणाली. दाराला पाठ लावून ती बसली होती. उजवा हात त्या ठरलेल्या कोनात मांडीवर. बाहेर सून परत ओरडायला लागली, काळीज दगडाचं आहे म्हणाली. मावशीने ते ऐकलं. तिचा डावा अंगठा कणगीच्या कुडावर वरून खाली चालला होता. येसूच्या हातापासून ती जाणूनबुजून वीतभर लांब बसलेली मला दिसली.

"किती दिवस बसणार अशा?"

"दाक्तरानं सांगितलंय तेवडं."

"आणि मग? हे लोक तुम्हाला घरात ठेवतील?"

"न ठिवून करत्यात काय? खुंटी कुटं टाकून देत्यात व्हय कोन?" ती हसली नाही. "जावा बाई. तुमची गाडी चुकंल."

मी झोळी परत बांधली. तिने कोळसा पुढे केला, मी फुली मारली, तिच्याइतकीच मोठी. बाहेर आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते आणि म्हातारा वाटी घेऊन उठून उभा राहिला होता. त्याने दोन पावलं टाकली, एवढ्यात माझ्यामागे खाडकन कडी लागली.